तिसरं पीस

गोठ्याच्या आढ्याला टांगलेली बांबूची नळी मी खाली घेतली आणि तिच्या तोंडाचं फडकं सोडलं. आधी डांबरगोळ्यांचा वास आला, नाकाला झोंबणारा. तो ओसरल्यावर मागून हळूच दुसरा वास आला. कडवट, हिरवा, थोडा औषधासारखा. निरगुडीचा. वाळून इतकी वर्षं झाली तरी काड्यांनी तो धरून ठेवला होता. मी नळी मांडीवर आडवी घेऊन तसाच बसून राहिलो. गोठ्यात आता बैल नाहीत. एक म्हैस आहे, ती माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला बोलावून घेतलं होतं. दसरा तोंडावर आला होता. त्याचा मुलगा विष्णू यंदा पहिल्यांदा शिलंगणाला बाण सोडणार होता, आणि त्याच्या बाणाला पिसं बांधू शकेल असं घरात कोणी नव्हतं. दादाची नजर काचबिंदूनं गेली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो, माणूस तो आवाजावरून ओळखतो. फोनवर म्हणाला होता, "बारक्या, तूच येऊन बांधून दे. दुसऱ्या कुणाचा हात नको. आन् गोठ्यात वरी नळी हाय, त्यातलीच पिसं घे. जुनी हायत, पर लय चांगली हायत."

मी मानवतला एका जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी बघतो. तिथून परभणी, परभणीहून झरी, आणि झरीहून आत गावापर्यंत जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची रास चालली होती. भुसकट उडत होतं आणि जीपमधली माणसं तोंडाला रुमाल लावून बसली होती. मला बरं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. इतक्या वर्षांनी दादानं काहीतरी माझ्या हातानं करायला सांगितलं होतं.

नळीत काड्यांचा एक जुडगा होता. पिसांच्या दोन जुड्या होत्या, एक लाल दोऱ्यानं बांधलेली आणि एक पांढऱ्या. लाल म्हणजे उजव्या पंखाची, पांढरी म्हणजे डाव्याची. ही दादाची जुनी पद्धत. आणि तळाशी, जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला, एक पुरा बाण होता.

मी तो लगेच ओळखला. खाचेजवळ तापल्या तारेनं दिलेले दोन बारीक चटके होते. ती माझी खूण. वाळका चिखल अजून लाखेला चिकटून होता. दिवसभर चिमटीत कापूस ओढून त्याचा धागा जोखणं हे माझं काम आहे, त्यामुळं माझी बोटं माझ्या डोळ्यांच्या आधी बोलतात. बोटं पिसांवरून फिरली. पहिलं पीस, दुसरं पीस. तिसऱ्यावर ती थांबली. मग मी बाण दाराच्या उजेडात नेला.

दोन पिसं उजव्या पंखाची होती. तिसरं डाव्या पंखाचं.

*

आमचं लहानपण तुराट्यांच्या तीरकामठ्यांत गेलं. तुरी निघाल्या की शेताच्या बांधाला तुराट्यांचा ढीग पडायचा. त्यातली सरळ काडी निवडायची, टोकाला बाभळीचा काटा खुपसायचा, आणि पोत्याच्या सुतळीची दोरी ओढून उंदरांवर, सरड्यांवर, एकमेकांच्या पोटऱ्यांवर सोडायची. वडील लवकर गेले. त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही. मला आठवतो तो दादा, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, एक डोळा मिटून काडीच्या टोकाकडून बघणारा. जणू काडीच्या आतून पलीकडचं काही दिसतंय.

खरी काडी निरगुडीची. ओढ्याच्या काठानं निरगुडीची बेटं होती. पौष लागला, थंडी पडली आणि झाडातलं पाणी खाली उतरलं की दादा मला घेऊन निघायचा. बुडातून सरळ वर आलेले कोवळे फोक, करंगळीएवढे, असेच घ्यायचे. जिथं डोळा असेल तिथं काडी पुढं वाकणार, म्हणून लांब पेऱ्याचा फोक शोधायचा. विळा लागला की तो वास उठायचा. हाताला, सदऱ्याला, केसांना. आई दारातच म्हणायची, "आले का वैद्य. आधी हात धुवा, मग भाकरीला शिवा."

काड्यांची मोळी सुतळीनं घट्ट आवळून माळवदाच्या सावलीत टांगायची. उन्हात वाळवली तर चिरते. शिमग्यापर्यंत ती तिथं असायची, आणि जाता-येता आम्ही वर बघायचो. उन्हाळ्यात खरं काम. साल काढायची, फुटक्या काचेनं काडी तासायची, आणि चुलीतले निखारे बाजूला ओढून त्यावर एकेक काडी शेकायची. करडईच्या तेलाचा बोळा फिरवायचा, काडी गरम झाली की गुडघ्याला लावून वाक काढायचा, आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. घाई केली की वाक परत येतो. दादा बोलायचा नाही. करडईचं तेल जळल्याचा वास, निखाऱ्याची चटचट, आणि त्याचा श्वास. या तिन्हींची मिळून माझ्या डोक्यात एक दुपार तयार झाली आहे. ती कुठल्या वर्षातली हे सांगता येणार नाही.

मग काडी कामठ्याशी, म्हणजे धनुष्याशी, जुळवायची. दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते बघायचं. कामठ्याच्या मानानं ताठ काडी डावीकडं पळते, मऊ काडी उजवीकडं. ताठ असेल तर काचेनं अजून थोडी तासायची, आणि कुठं थांबायचं हे कळलं पाहिजे. फार तासली की गेली. शेवटी टोकाला लाखेचा गोळा, एवढाच की काडी बोटावर तोलली तर तोंडाकडं किंचित झुकावी. आणि पिसं बांधायच्या आधी उघडी काडी कडब्याच्या गंजीत सोडून बघायची. उघडी काडी सरळ घुसली, तर काडी पास.

पिसं गिधाडाची. गावाबाहेर मेलेली जनावरं ओढून टाकायची जागा होती. तिथं गिधाडं उतरायची, आभाळातून कुणी काळे घोंगडे टाकावेत तशी. त्यांची भांडणं, फडफड, खाली पडलेली पिसं. वास इतका की आम्ही नाकात निरगुडीचा पाला खुपसून जायचो. दादा पीस उचलून तळहातावर पालथं ठेवायचा. "बघ. हे हिकडं झुकतंय. हे उजव्याचं. हे तिकडं. डाव्याचं. तिन्ही पिसं एकाच पंखाची पाहिजेत. न्हाई तर एक पीस तीर हिकडं फिरवतंय आन् दुसरं तिकडं, मग तो कुटंच जात न्हाई. गिरकी खाऊन पडतो."

हे मला त्यानंच शिकवलं होतं. म्हणून तर.

आता गिधाडं नाहीत. कधी गेली, कुणालाच सांगता येत नाही. एखादं वर्ष असं असेल, जेव्हा शेवटचं एक उतरलं असेल आणि आम्ही आपापल्या कामात असू.

*

आमच्या गावच्या शिलंगणाची रीत अशी. दसऱ्याच्या दिवशी दुपार कलली की सगळं गाव ओढ्यापाशी शिवेवर जमतं. आपट्याची पूजा होते. मग तरणी पोरं एकामागून एक गावाच्या जुन्या कामठ्यावरून ओढ्याच्या पलीकडं, माळावर, एकच बाण सोडतात. ज्याचा सगळ्यात लांब जाईल त्याच्या घरात तो कामठा वर्षभर राहतो, खुंटीला, देवासारखा. बाकी काही मिळत नाही. पण त्या घरासमोरून जाताना माणसं एकदा आत डोकावतात, आणि त्या डोकावण्यासाठी पोरं शिमग्यापासून काड्या तासतात.

काडी ज्याची त्यानं करायची. पिसं मात्र त्याच्या हातची चालत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणी बांधायची, मग बाण रात्रभर खणात गुंडाळून देवापुढं ठेवायचा, आणि शिवेवर नेऊन सोडणाऱ्याच्या हातात द्यायचा. आणि त्यानं पिसं उलटून बघायची नाहीत. बाण घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि थेट दोरीला. पिसं तपासणं म्हणजे घरच्यावर भरोसा नसणं. एकदा कुणीतरी तपासली होती म्हणे, तर त्याच्या चुलत्यानं भर शिवेवर त्याला विचारलं होतं, "काय बघायलास? तुज्या मायनं भाकरीत काय घातलं ते बी बघतूस का?" हे आम्हाला लहानपणापासून हसून सांगितलं जायचं.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतो आहे त्या वर्षी कामठा आमच्याच घरात होता. लागोपाठ काही वर्षं दादानंच तो आणला होता. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि वहिनी रोज सकाळी त्या खुंटीला हळदीचं बोट लावायची. मी विशीत होतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं मागच्या रानात सोडून बघायचो, तेव्हा माझी काडी त्याच्या काडीपुढं जाऊन पडायला लागली होती. पहिल्यांदा तो हसला. "लेका, वारा होता." दुसऱ्यांदा वारा नव्हता. तो पुढं गेला, दोन्ही काड्या उपटून घेऊन आला आणि माझी माझ्या हातात दिली. मला वाटलं, तो खूश आहे.

दसऱ्याच्या आधी मी उघडी काडी गंजीत सोडली तेव्हा ती खिळ्यासारखी सरळ घुसली. दादा शेजारीच उभा होता. म्हणाला, "पास." मी त्याच्या बाणाला पिसं बांधली, त्यानं माझ्या.

शिवेवर झेंडूचा वास, ओढ्यातल्या गाळाचा वास, नव्या कपड्यांचा खळीचा वास. दादानं खण उलगडून बाण माझ्या हातात दिला. मी तो कपाळाला लावला. दोरी कानापर्यंत आली. धामणाच्या लाकडाच्या त्या कामठ्याचा बारीक कुरकुर आवाज मला अजून ऐकू येतो. मी सोडला. बाण निघाला आणि तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं, हवेत शेपटी फिरवायला लागला. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि ओढा ओलांडायच्या आत गाळात.

मग एक बाई हसली, आणि मग सगळे. कुणीतरी ओरडलं, "आरं, हा तीर हाय का लग्नातला नाच्या?" त्या संध्याकाळपासून माझं नाव गिरकी पडलं. गिरकी आला का, गिरकीला चहा दे. दुकानात, पारावर, विहिरीवर. त्यात वाईट हेतू नव्हता, म्हणून तर ते सुटलं नाही. दादाचा बाण सगळ्यांच्या पुढं गेला आणि कामठा आमच्याच खुंटीवर परत आला.

घरी येताना दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आठवतो, जड आणि गरम. म्हणाला, "मनावर घिऊ नको. काडी कच्ची होती तुझी. होतं असं." आणि मी, घराची लाज गेली म्हणून, त्याच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागितली. त्यानं मला उठवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

त्यानं मला माफ केलं. पुढची सगळी वर्षं मी या उपकाराखाली राहिलो.

मी पुन्हा काडी तासली नाही. निरगुडीच्या बेटाकडून जायचं टाळलं. त्याच वर्षी कापसाच्या हंगामात मानवतला आलो आणि तिथलाच झालो. माझा हात कच्चा आहे असं मी धरूनच चाललो. पोराचा पतंग बांधताना, दाराला कडी बसवताना, बायको म्हणायची, "तुमी नका करू, मिस्त्रीला बोलवू." मी लगेच हात मागं घ्यायचो. जिनिंगमध्ये मी नुसतं बघून सांगायचो, हा चांगला, हा हलका. करायचं काही नसायचं. मला ते बरं होतं.

*

बाण चिंधीत गुंडाळून मी घरात आलो. दादा ओसरीवर बाजेवर बसला होता, तोंड दाराकडं. पावलावरून त्यानं ओळखलं.

"सापडली का पिसं?"

"सापडली."

"डांबरगोळ्या दर साली बदलल्या तुझ्या वहिनीनं. न्हाई तर कसर लागली असती."

वहिनी आतून म्हणाली, "मी बदलल्या, आन् शाबासकी ह्यांनी घ्यावी. भावजी, चहा ठिवलाय."

मी त्याच्या शेजारी बसलो. बाण चिंधीतून काढून त्याच्या हातात दिला, पिसांकडची बाजू. त्याची बोटं पिसांवरून एकदा फिरली. मग परत एकदा.

"दादा, तिसरं पीस कोणत्या पंखाचं हाय?"

आतून कपबशीचा आवाज येत होता.

"डाव्याचं," तो म्हणाला.

"चुकून?"

त्यानं मान हलवली. नाही, अशी. मला वाटलं आता तो काही सांगेल. त्यानं बाण माझ्याकडं परत केला, खाचेची बाजू पुढं करून, नीट, जसा द्यायचा असतो तसा. म्हणाला, "विष्णूचं तेवढं बांध बाबा. लय कष्टानं काडी केलीय पोरानं."

त्याच वेळी वहिनी चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यालो. पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं बोललो. का बांधलं, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. गाळातला बाण त्यानं कधी काढून आणला, नळी मुद्दाम मला काढायला लावली, की इतक्या वर्षांत आत काय आहे हे विसरून गेला, तेही मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की ओसरीवर बसून मी चहा पितो आहे आणि माझी पूर्ण विशी, तिशी, चाळिशी त्या एका दोऱ्याच्या वेटोळ्यात कुणीतरी बांधून ठेवली होती. आणि ज्यानं बांधली, त्याच्याच पायांवर मी डोकं ठेवलं होतं.

विष्णू संध्याकाळी आला. उंच पोरगा, दादासारखाच एक डोळा मिटून बघण्याची सवय. काडी माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, उघडी सोडून बघितलीय मी. सरळ जातीय. तुमी बघा बरं एकदा."

"मी कशाला बघू. तुझी काडी, तुला माहीत."

"पप्पा म्हनले, तुमच्यासारखा हात कुणाचाच नव्हता."

"कधी म्हणाले?"

"नेहमीच म्हनतात की."

तो गेल्यावर मी दिवा जवळ ओढला आणि पिसं बांधायला बसलो. जे झालं ते मी लिहितो. दोन पिसं मी लाल जुडीतून घेतली. तिसरं घ्यायला हात पांढऱ्या जुडीकडं गेला. मी तो थांबवला नाही. पीस मधून चिरलं, कातरलं, जागेवर बसवलं, मेण लावलेला दोरा दातात धरून वेटोळी घातली. गेली इतकी वर्षं जो हात कच्चा समजत होतो तो जराही थरथरला नाही. दोरा इतका सुबक बसला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. लाल जुडीतलं जे पीस त्या जागी बसायला हवं होतं, तेही मी कातरून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. बाण खणात गुंडाळून देवापुढं ठेवला आणि हात जोडले. हातही जोडले.

*

शिवेवर आता डीजे असतो. माळावर कुणाची तरी पत्र्याची शेड उभी राहिली आहे आणि ओढ्यात पाणी कमी, प्लास्टिक जास्त. पण पोरं रांगेत तशीच उभी होती, दोन माणसं पलीकडं खूण करायला तशीच गेली होती, आणि झेंडूचा वास तोच होता. जुने लोक मला बघून हसले. "अरे, गिरकीभाऊ. लय दिसानं." मीही हसलो.

शिवेवर यायच्या आधी, घरातून निघताना, एक रीत असते. घरातला थोरला बाण एकदा हातात घेतो, कपाळाला लावतो, आणि ज्यानं बांधला त्याच्याकडं परत देतो. मी खण उलगडून बाण दादाच्या हातात दिला होता. मला माहीत होतं काय होणार. त्याची बोटं पिसांवर गेली. पहिलं, दुसरं. तिसऱ्यावर ती थांबली. त्याचा चेहरा मी बघत होतो. न दिसणारे डोळे तसेच समोर होते. त्यानं बाण कपाळाला लावला, जरा जास्तच वेळ, आणि माझ्याकडं दिला.

"चांगलं बांधलंस," तो म्हणाला.

वाटेत वहिनी त्याचा हात धरून चालत होती. मी मागून चालत होतो. माझ्या हातात बाण होता आणि मला कुठंतरी वाटत होतं, की हे बरोबर झालं. त्यानं ते पत्करलं. हिशोब मिटला. पण जसजसा ओढा जवळ आला तसतसा मला दिसायला लागला तो विष्णू, नव्या शर्टात, मित्रांच्या घोळक्यात, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं. तो या हिशोबात कुठंच नव्हता.

त्याचं नाव पुकारलं. मी बाण दिला. त्यानं बघितलं नाही. कपाळाला लावला, कामठा उचलला, खाच दोरीला लावली. धामण कुरकुरला.

"थांब," मी म्हणालो.

तो वळला. सगळे वळले.

"दोरी सोड. पिसं चुकलीत. मी चुकीची बांधली."

मग हसू उसळलं, तेच, जुन्या ओळखीचं. "गिरकी ती गिरकीच." "काका, आता पुतन्याला बी नाचवता का?" एक म्हातारा म्हणाला, "शिवेवर पिसं बघितलेली मी पयल्यांदाच बघायलोय." विष्णूचा चेहरा पडला. त्यानं बाण माझ्या हातात दिला.

मी बांधावरच फतकल मारून बसलो. दोरा उलगडला. तिसरं पीस सुटून गवतात पडलं. खिशातलं पीस काढलं. वारा होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक सारखं उडत होतं. तेवढ्यात कुणीतरी शेजारी बसलं. दादा. वहिनीनं त्याला आणून बसवलं होतं. त्यानं हात पुढं केला, चाचपत दोऱ्याचं टोक शोधलं आणि ते ताणून धरलं. आम्ही असंच करायचो, लहानपणी. एकानं ताणायचं, एकानं वेटोळी घालायची. दोरा ढिला पडला नाही.

मी शेवटची गाठ मारताना तो अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझा बी गेला असता."

मी गाठ मारून झाल्यावर विचारलं, "कुठंपर्यंत?"

त्यानं माळाकडं तोंड केलं. "त्या बाभळीच्या पल्याड."

त्या जागी आता शेड आहे. बाभूळ कधीचीच तोडली. त्याला ते माहीत नव्हतं, किंवा त्याच्यासाठी ती अजून तिथं होती.

विष्णूचा बाण सरळ गेला. पहिला आला नाही, बाजूच्या आळीतल्या एका पोराचा त्याच्या पुढं पडला. पण सरळ गेला, ओढ्यावरून, माळावर, आणि जिथं उतरला तिथं उभा राहिला. पोरांनी आरडाओरडा केला. विष्णू पळत आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मधेच धरलं, वाकू दिलं नाही. बांधावरून दादाचा आवाज आला, "गेला का सरळ?"

"गेला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये माझ्याजवळ एक लांब पुडकं होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हो, पडद्याचा दांडा का?" मी हो म्हणालो. आता तो बाण मानवतला माझ्या खोलीत कपाटावर आहे. त्याच्या लाखेवरचा चिखल मी पुसला नाही. कधी कधी खाली घेतो, वास घेतो. निरगुडीचा वास अजून आहे, थोडा. निघताना वहिनीनं नळीतल्या दोन्ही जुड्यांतली पिसं मला दिली होती, लालसुद्धा. चिमूटभर मेण आणि दोराही आहे घरात. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरं पीस मी बदललेलं नाही.